विवर्धक साखळीचे स्थैर्य, रेडिओ ग्राहीतील
क्षीण संकेत वाढवण्यासाठी एकापुढे एक जोडलेले विवर्धक आपोआप आंदोलने निर्माण करू नयेत, यासाठी केलेली योजना. सामान्य तापमानाला 32 मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील उष्मीय गोंगाट सुमारे उणे 99 डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबेल) असतो. तो एक मिलिवॉटपर्यंत न्यायचा तर जवळपास 100 डेसिबेल, म्हणजे शक्तीत हजार कोटी पट, वाढ लागते. शेवटच्या टप्प्यातला हजार कोटीवा अंश जरी योग्य कलेत पहिल्या टप्प्याकडे झिरपला, तरी साखळी बिघडते.

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत (45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना) मूळ रचनेनुसार ही वाढ वेगवेगळ्या वारंवारतांवर वाटलेली होती. दोन ध्रुवीकरणांचे संकेत 130 व 175 मेगाहर्ट्‌झवर आणून प्रकाशीय तंतूने मध्यवर्ती इमारतीत नेले जात. वारंवारता बदलली की परतलेला अंश आधीच्या टप्प्याच्या गाळणीत अडतो. सर्वांत खात्रीचा उपाय हाच.

विद्युत पुरवठ्याची तार ही हमखास दुर्लक्षित चोरवाट. म्हणून प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र धारित्र आणि फेराइट मणी देतात. उघड्यावर शांत असलेला विवर्धक पेटीचे झाकण बसवताच आंदोलू लागतो, कारण पेटीच तरंगमार्गी बनते. त्यासाठी कप्प्याची रुंदी अर्ध्या तरंगलांबीहून कमी ठेवतात, नाहीतर झाकणाला आतून शोषक पत्रा चिकटवतात.