एका तबकडीच्या दोन बाजू

आवडत्या गायकाचें सर्वोत्तम गीत कोणतें, हा प्रश्न निघाला कीं शांत स्वभावाचीं माणसेंही हट्टास पेटतात. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहराच्या 'बीटल्स' या चौघा तरुणांच्या वृंदाविषयीं हा वाद साठ वर्षांहून अधिक काळ रंगत आला आहे. १९६२ ते १९७० एवढ्या अल्प अवधींत त्यांनीं दोनशेंच्यावर गीतें ध्वनिमुद्रित केलीं. तेव्हां वादास सामग्री उदंड. परंतु त्याचें मर्म पाहावयाचें असेल, तर त्या राशींतून एकच तबकडी उचलावी. ती १७ फेब्रुवारी १९६७ रोजीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झाली.

तिच्या एका बाजूस जॉन लेनन यांचें 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि दुसऱ्या बाजूस पॉल मॅकार्टनी यांचें 'पेनी लेन'. तबकडीची एक बाजू मुख्य व दुसरी केवळ भरतीची, असा सामान्य प्रघात. येथें मात्र दोन्ही बाजू मुख्य ठरविण्यांत आल्या. विषयही एकच, लिव्हरपूलमधील बाळपण. स्ट्रॉबेरी फील्ड हा लेनन यांच्या घराजवळचा साल्व्हेशन आर्मीचा बालकाश्रम. त्याच्या आवारांत ते लहानपणीं खेळत. पेनी लेन हा त्याच शहरांतील एक साधा वर्दळीचा रस्ता.

लेनन यांच्या गीताचें मुद्रण २४ नोव्हेंबर १९६६ रोजीं सुरू झालें. त्याचीं दोन रूपें सिद्ध झालीं: एक हळुवार, दुसरें तुताऱ्या व चेलो यांच्या साथीचें. लेनन यांना एकाचा आरंभ आवडला आणि दुसऱ्याचा शेवट. दोहोंची पट्टी निराळी, लयही निराळी. निर्माते जॉर्ज मार्टिन व ध्वनितंत्रज्ञ जेफ एमेरिक यांनीं फितींचा वेग कमी-अधिक करून तीं अशीं जोडलीं, कीं सुमारें एका मिनिटानंतरचा सांधा सहसा कानांस जाणवत नाहीं. 'पेनी लेन'साठीं मॅकार्टनी यांना, दूरचित्रवाणीवर ऐकलेल्या बाख यांच्या एका रचनेंतील लहान, उंच सुराची तुतारी हवी होती. जानेवारी १९६७ मध्यें डेव्हिड मेसन यांनीं ती वाजविली.

येथेंच रसिकांचे दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, स्वप्नांतल्यासारखें धूसर, संशयानें भरलेलें मन गाण्यांत असें पूर्वीं कोणी उतरविलेंच नव्हतें. दुसरा म्हणतो, निर्मळ चाल आणि रस्त्यावरच्या माणसांविषयींचा जिव्हाळा साधणें त्याहून अवघड. खपाचे आंकडे हा निवाडा करतील काय? ब्रिटनमध्यें ही तबकडी दुसऱ्या क्रमांकावर अडली. एंगेलबर्ट हंपरडिंक यांचें 'रिलीज मी' तिच्या पुढें राहिलें. अमेरिकेंत बाजू स्वतंत्रपणें मोजीत. तेथें 'पेनी लेन' पहिलें आलें, दुसरें आठवें. म्हणून प्रथम क्रमांकाच्या २७ गीतांचा जो संग्रह २००० सालीं निघाला, त्यांत 'पेनी लेन' आहे, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' नाहीं. उलट समीक्षकांच्या अनेक याद्यांत तेंच वरचढ ठरलें. स्वतः लेनन मात्र त्याच्या मुद्रणावर संतुष्ट नव्हते, असें मार्टिन यांनीं पुढें सांगितलें. दोन्ही गीतें त्याच वर्षींच्या 'सार्जंट पेपर' संग्रहांतून वगळल्याची खंत मार्टिन यांना राहिली.

१९७० मध्यें वृंद फुटला आणि पक्षाभिमान अधिक कडवा झाला. ८ डिसेंबर १९८० रोजीं न्यूयॉर्कमध्यें लेनन यांची हत्या झाली. १९८१ सालीं तेथील सेंट्रल पार्कच्या एका भागास 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' हें नांव देण्यांत आलें; चाहते तेथें जमून गाऊं लागले. गीत स्मारक झालें, आणि त्यास उणें म्हणणें अनेकांना अनादरासारखें वाटूं लागलें. इकडे पेनी लेनच्या नांवाच्या पाट्या चाहत्यांनीं इतक्यांदा पळविल्या, कीं तें नांव भिंतींवरच रंगवावें लागलें. प्रेम दोहोंकडे सारखेंच; एकीकडे शोकाचें, दुसरीकडे खोडकर.

तथापि वाद घालणारे एक गोष्ट विसरतात. लेनन यांच्या गीताच्या आरंभींचे ते गूढ सूर मेलोट्रॉन नांवाच्या, पेटीसारख्या पट्ट्यांच्या वाद्यावर मॅकार्टनी यांनीं वाजविले. आणि 'पेनी लेन'मध्यें लेनन यांनीं पियानोची साथ केली. ज्या दोघांच्या नांवानें रसिक भांडत आले, ते त्या हिवाळ्यांत एकमेकांचें बाळपण सुरांत बसवीत एकाच खोलींत काम करीत होते.