खोलीत रेंगाळणारा खर्ज

मागच्या व्याख्यानात आपण वॉलेस सेबिनपाशी थांबलो होतो. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह त्याच्या गळ्यात पडलं. तिथला आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. रात्री सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणायच्या, ऑर्गनचा पाइप वाजवायचा आणि नाद कधी विरतो ते मोजायचं, असा त्याचा उद्योग. त्यातून घुमण्याचं गणित हाती आलं आणि १९०० साली बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्यावर उभा राहिला. आजचा प्रश्न असा, की हेच गणित आपल्या दिवाणखान्यात खर्जाच्या बाबतीत का चालत नाही?

लहान खोलीत खर्ज सगळीकडे सारखा पसरत नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक लाटा अडकतात. ५ मीटर लांबीच्या खोलीत अशी पहिली लाट ३४ हर्ट्झला येते. गाण्यातला ठोका संपतो, खोली मात्र तो एकच सूर धरून बसते. १९४४ साली मोर्स आणि बोल्ट यांनी हे लाटांचं शास्त्र एकत्र मांडलं. पुढे श्रोएडरने १९५४ साली एक सीमारेषा सांगितली आणि १९६२ साली ती सुधारली. तिच्या खाली सेबिनची सरासरी लागू पडत नाही, एकेक लाट सुटी वागते. सिम्फनी हॉलमध्ये ही रेषा २० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाच्या उंबरठ्यावर येते. ४० घनमीटरच्या, ०.४ सेकंद घुमणाऱ्या खोलीत तीच २०० हर्ट्झवर जाते. म्हणजे अख्खा खर्ज तिच्याखाली!

मग इक्वलायझर आला आणि वाद सुरू झाला. सुराची पातळी कमी करता येईल, पण रेंगाळणं कसं जाणार? इथे नीट पाहू. खालच्या पट्टीत आलेखावरचा उंचवटा आणि मागे उरणारी शेपटी ही एकाच अनुनादाची दोन रूपं आहेत. उंचवट्याची कंप्रता आणि रुंदी अचूक पकडून बरोबर उलटा फिल्टर लावला, तर शेपटीही आखडते. २००३ साली माकिविर्टा आणि सहकाऱ्यांनी याच दिशेने पद्धतशीर मांडणी केली. मर्यादा दोन. मोजमाप एका खुर्चीचं असतं. शेजारच्या खुर्चीवर तोच फिल्टर चुकीचा ठरू शकतो. आणि जिथे लाटा एकमेकींना खोडतात तो खड्डा भरत नाही. अॅम्प्लिफायर मात्र दमतो.

२००२ साली टॉड वेल्टीने वेगळा प्रश्न विचारला: किती सबवूफर पुरे? आयताकृती खोलीत त्याचं उत्तर आलं, चार भिंतींच्या मध्यावर चार. समोरासमोर दोन ठेवले तरी बरंच काम होतं. कारण सोपं आहे. लांबीच्या पहिल्या लाटेत दोन टोकांचा दाब उलटसुलट असतो, त्यामुळे दोन्ही टोकांना एकत्र ढकललं की ती उठतच नाही. दुसरी लाट मात्र दोघांनी उठते. तिला बाजूच्या भिंतींवरचे दोघे गप्प करतात. त्याहून जास्त सबवूफरांनी फारसा फायदा दिसला नाही. सगळ्या खुर्च्यांवर आवाज सारखा झाला, की मग इक्वलायझरही सगळ्यांच्या कामी येतो. म्हणून क्रम असा: आधी जागा, मग फिल्टर.

पण एक गोष्ट विसरायची नाही. या दोन्ही उपायांनी खोली बदललेली नसते. तिथेच कुणी डग्ग्यावर थाप मारली, तर खोली पूर्वीसारखीच घुमेल. स्पीकरने खोलीला छेडू नये, एवढीच ही तजवीज. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या जिप्सम भिंती थरथरतात आणि थोडा खर्ज गिळतात. आपल्या पुण्या-मुंबईच्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो जवळजवळ सगळा परत पाठवतात. त्यामुळे तिकडचे अनुभव जसेच्या तसे उचलून चालणार नाही. इथे रेंगाळणं जास्त आणि शोषकाची गरजही जास्त. खर्ज सुटसुटीत झाला, तरच तबल्याचा बायाँ आणि खोलीचा हट्ट हे दोन वेगळे ऐकू येतात. रेकॉर्डिंगमध्ये वादकाने नेमकं काय केलं, हे त्याशिवाय कळणार कसं?

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊया.