बुद्धिमत्तेचे जादा तास

आमचे वडील व्हर्नाक्युलर फायनल पास. सातवीची ती परीक्षा निघाली की प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळायची. त्या परीक्षेत शिकवलेलंच विचारत. १९५४-५५ पासून शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली, चौथी आणि सातवीसाठी. मी गुरुजी झालो तोवर तिच्यात भाषा-गणिताच्या शेजारी बुद्धिमत्ता चाचणी ठाण मांडून बसली होती.

या पेपरचं कूळ लांबचं. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली असल्या कसोट्या रचल्या, त्या शाळेत मागं पडणारी मुलं हेरायला. त्यांना वेगळं शिकवता यावं म्हणून. पुढं डॉ. व्ही. व्ही. कामतांनी त्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवल्या. शिष्यवृत्तीत मात्र उलटं काम निघालं, पुढची पोरं निवडायचं.

बुद्धी उपजत असते, आपण नुसती मोजायची, असा यामागचा समज. आम्ही गुरुजी मंडळींनी ती सरळ शिकवायलाच घेतली! सकाळी शाळेआधी जादा तास. विसंगत पद ओळखा. रांगेत डावीकडून सातवा तो उजवीकडून कितवा. आकृत्यांवर पोरं हमखास अडायची. मग मी त्यांना ओढ्यावर नेई आणि पाटीवर ‘क’ काढून पाण्यावर धरी. आरशात डावं-उजवं पालटतं, पाण्यात वर-खाली. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पोरगं पुन्हा चुकत नसे. आता हे गुण पोराच्या बुद्धीचे की ओढ्याचे, ते पुण्याच्या परीक्षा परिषदेनंच ठरवावं.

शिष्यवृत्तीची रक्कम किरकोळ असे, वह्या-पेन्सिलींतच संपायची. खरी किंमत शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेल्या नावांना. एक नाव चढलं की पालक गुरुजींची बदली अडवायला पंचायतीत जात. या नादात जादा तासाला मोजकीच पोरं बसायची. ज्यांना खरी गरज, ती तेव्हा म्हशींमागं असायची. बिनेसाहेबांना हे बघवलं नसतं.

शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत धरली, आणि २०१७ साली शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीला गेली. आमची शाळा चौथीपर्यंतच. पोरं पाचवीला हायस्कुलात जात, आणि पाण्यातली प्रतिमा कशी शिकवायची ते विचारायला तिथले सर आमच्याकडं येऊ लागले.