राष्ट्राचा ध्वज आणि नौकेचे कूळ

शिडाच्या नौकांच्या शर्यतींचा इतिहास लिहिताना निकालपत्रक हेच प्रमुख साधन मानण्याचा प्रघात आहे. नाविकाचे नाव, त्याचे राष्ट्र, प्रवासास लागलेले दिवस आणि मिळालेला क्रमांक, एवढेच रकाने त्यात असतात. नौका कोणी, कोठे आणि कशी बांधली यास तेथे स्थान नसते. पुष्कळ खेळांत या उणिवेने फारसे बिघडत नाही. परंतु महासागरावरील एकट्याच्या शर्यतीत माणसाइतकीच नौकाही कसोटीस लागते; त्यामुळे कोणते राष्ट्र शर्यतीत उतरले होते, या प्रश्नाचे उत्तर केवळ ध्वजाकडे पाहून देता येत नाही. १९६८ ते २०२३ या कालखंडात ‘गोल्डन ग्लोब’ या नावाने झालेल्या तीन शर्यतींतील भारताचे स्थान तपासले असता ही गोष्ट स्पष्ट होते.

या खेळापुरते भारत हे लहान राष्ट्र होय. राष्ट्राचे लहानमोठेपण येथे लोकसंख्येवरून ठरत नाही. ते अनुभवाच्या परंपरेवरून ठरते. २०१८ च्या शर्यतीत तिसरा आलेला उकू रँडमा हा सुमारे तेरा लक्ष वस्तीच्या एस्टोनियाचा. तर पुढच्या शर्यतीत तिसरा आलेला मिखाएल गुगेनबर्गर ऑस्ट्रियाचा, म्हणजे ज्या देशास समुद्रकिनाराच नाही अशा देशाचा. उलट सात हजार किलोमीटरांहून अधिक किनारा लाभलेल्या भारताचा एकही नाविक २००९ पर्यंत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला नव्हता.

तथापि भारतीय नौका मात्र त्यापूर्वी चाळीस वर्षे पृथ्वीप्रदक्षिणा करून आली होती. ‘संडे टाइम्स’ या लंडनच्या वृत्तपत्राने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या शर्यतीत नऊ नाविक निघाले आणि एकच परतला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १४ जून १९६८ रोजी फॅल्मथ बंदर सोडले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तो तेथेच पोहोचला. एकट्याने, कोठेही न थांबता केलेली ही पहिलीच पृथ्वीप्रदक्षिणा. त्याची ‘सुहेली’ ही ३२ फुटी नौका मुंबईत, येथील कारागिरांनी सागवानात बांधलेली होती. नॉक्स-जॉन्स्टन त्या वेळी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता आणि १९६५ च्या अखेरीस हीच नौका घेऊन तो मुंबईहून मायदेशी निघाला होता. शर्यतीत नौकेच्या सांध्यांतून पाणी शिरू लागले, तेव्हा त्याने पाण्यात उतरून त्या सांध्यांची डागडुजी केली. सुकाणूचे स्वयंचलित यंत्र मोडले, बिनतारी संदेशयंत्र बंद पडले. सागवानी सांगाडा मात्र टिकला. निकालपत्रकात या यशापुढे ब्रिटन हे एकच नाव आहे.

ही विभागणी नवी नव्हती. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची लढाऊ नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. लाकूड आणि हात येथले, ध्वज तेथला, अशी ती रीत होती. शब्दांचा पुरावाही याच दिशेने जातो. इंग्रजीने हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून ‘लास्कर’, ‘सेरांग’, ‘टिंडल’ हे शब्द उचलले. मराठीतील लष्कर, सारंग आणि तांडेल हे त्यांचेच सोयरे. हे सारे शब्द राबणाऱ्या खलाशांचे व त्यांच्या मुकादमांचे आहेत. जहाजाच्या मालकाचा वा कप्तानाचा त्यांत एकही नाही. शर्यतींच्या परिभाषेतही ज्या दोन प्रकारच्या नौकांची नावे आज जगभर रूढ आहेत, त्यांपैकी ‘डिंगी’ हा शब्द हिंदी-बंगालीतून आणि ‘कॅटमरान’ हा तमिळमधून गेलेला आहे. म्हणजे खेळाने आपली साधने आणि त्यांची नावे या किनाऱ्यांवरून घेतली. येथील माणसाला मात्र त्यात खेळाडू म्हणून प्रवेश मिळण्यास फार काळ लागला.

हा प्रवेश घडवून आणण्याचे श्रेय प्रामुख्याने व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांच्याकडे जाते. १९८३ मध्ये निवृत्त झाल्यावर ते फलटणजवळील विंचुर्णी या समुद्रापासून दूर असलेल्या गावी राहिले. भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही त्यांची कल्पना. तिच्यातील ‘भारतात बांधलेल्या’ हे विशेषण महत्त्वाचे आहे, कारण १९६९ मध्ये विलग राहिलेल्या नौका आणि नाविक या दोन गोष्टी ते एकत्र जोडते. गोव्यात दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादई’ तयार झाली. मांडवीचेच वरच्या खोऱ्यातील नाव या नौकेला मिळाले. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबत, आणि अभिलाष टोमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. ज्या नॉक्स-जॉन्स्टनची नौका मुंबईने बांधली होती, त्याच्याचकडे दोंदे यांनी पूर्वतयारीचे धडे घेतले, ही इतिहासाची परतफेड म्हणावी लागेल.

पहिल्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, फ्रान्समधून दुसरी शर्यत सुटली. नौका जुन्या धाटणीच्या असाव्यात आणि मार्ग कागदी नकाशे व सेक्स्टंट यांच्या साहाय्याने काढावा, असा नियम होता. टोमी यांची ‘तुरीया’ ही दांडेकरांच्याच कारखान्यात ‘सुहेली’च्या धर्तीवर बांधलेली होती. नौका, नाविक आणि ध्वज या तिन्ही गोष्टी भारताच्या, असा योग येथे प्रथमच जुळून आला. टोमी तिसऱ्या क्रमांकावर असताना २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्यास गंभीर दुखापत झाली. स्वतःची डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन हा स्पर्धक तशा स्थितीतही त्यांच्या दिशेने निघाला. २४ सप्टेंबरला ‘ओझिरिस’ या फ्रेंच जहाजाने टोमींना वाचविले; नौका समुद्रातच सोडून द्यावी लागली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ४ नोव्हेंबर २०१८ रोजी, आवटी निवर्तले.

सप्टेंबर २०२२ मध्ये टोमी पुन्हा शर्यतीत उतरले. एप्रिल २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर यांच्या पाठोपाठ ते दुसरे आले. मुख्य वर्गात पूर्ण फेरी करणारे तिघेच होते. निकालपत्रकात भारताचे नाव प्रथमच इतक्या वर लागले. परंतु या वेळी नौका ब्रिटिश आराखड्याची, ‘रस्टलर ३६’ जातीची होती, आणि तिचे ‘बयानात’ हे नाव तिला आर्थिक पाठबळ देणाऱ्या अबूधाबीच्या कंपनीचे होते. नौकांच्या नावांतच हा इतिहास साठलेला आहे. ‘सुहेली’ हे आखातातील वाऱ्याचे अरबी नाव. ज्या ‘सुहैल’शी त्याचे नाते आहे, तो तारा आपल्याकडे अगस्त्य म्हणून ओळखला जातो. ‘तुरीया’ हा उपनिषदांतील चौथ्या अवस्थेचा निर्देश. आणि ‘बयानात’ हे मराठीत रुळलेल्या ‘बयान’ शब्दाचे अरबी अनेकवचन. पहिले नाव वाऱ्याचे, दुसरे नाविकाच्या श्रद्धेचे, तिसरे धनकोचे.

यावर असा आक्षेप संभवतो की, सुतार शर्यत जिंकत नाही. धोका पत्करतो तो नाविकच, आणि म्हणून ध्वज त्याचाच असावा. क्रीडानियम म्हणून हे मान्य करावे लागेल, आणि टोमींच्या यशास त्यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. परंतु नियम आणि इतिहास यांची कार्यक्षेत्रे भिन्न आहेत. केवळ निकालपत्रकावर विसंबल्यास १९६९ मध्ये भारत अनुपस्थित, २०१८ मध्ये अयशस्वी आणि २०२३ मध्ये यशस्वी ठरतो. नौकांचे कूळ पाहिल्यास क्रम निराळा दिसतो: भारतीय कारागिरी पहिल्याच शर्यतीत विजयी झाली होती, आणि भारतीय नाविकाच्या यशाच्या क्षणी ती मागे राहिली. या दुसऱ्या घटनेची कारणमीमांसा अद्याप व्हावयाची आहे.

मराठवाड्यातील अभ्यासकास हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज चितारलेले आहे. पाचव्या शतकातील त्या जहाजाच्या आधारे गोव्यात दांडेकरांच्या ‘होडी इनोव्हेशन्स’ने, केरळच्या कारागिरांच्या हातून, फळ्या शिवून बांधलेली ‘कौण्डिन्य’ ही नौका मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या भिंतीवरील चित्र नौकाबांधणीचे साधन ठरू शकते; मग कारखान्यांच्या वह्या, लाकडाचे हिशेब आणि कारागिरांच्या बोलीतील शब्द ही क्रीडा-इतिहासाची साधने का ठरू नयेत? ते शब्द जाणणारी पिढी ओसरण्यापूर्वी त्यांचे संकलन होणे अगत्याचे आहे.