कॉलरवरची काळी रेघ



ह्यांचे शर्ट धुताना माझा निम्मा साबण कॉलरवरच जातो. बाकी शर्ट स्वच्छ, पण मानेपाशी काळी रेघ असतेच. याच रेघेला कंटाळून अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी, हॅना लॉर्ड माँटेग्यू या गृहिणीने १८२७ च्या सुमारास नवऱ्याच्या शर्टांच्या कॉलरी चक्क कापून काढल्या, असं सांगतात. तेवढ्याच धुतल्या, इस्त्री केली आणि परत शिवून दिल्या. बघता बघता सुट्या कॉलरींचे कारखाने निघाले आणि ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ म्हणू लागले.

एका बाईची धुलाई वाचली, पण शेकडो बायकांची वाढली! कारण कॉलर विकण्याआधी धुवून, कांजी करून, कडक इस्त्री करावी लागे. उकळतं पाणी, तापलेल्या इस्त्र्या, दिवसाचे बारा-चौदा तास आणि आठवड्याला तीन-चार डॉलर. कॉमर्सला आम्ही कॉस्टिंग शिकलो, त्यात मजुरी पहिल्याच पानावर होती. इथे तीच सगळ्यात स्वस्त!

१८६४ च्या फेब्रुवारीत केट मुलानी या जेमतेम एकोणीस वर्षांच्या आयरिश मुलीने सुमारे तीनशे जणींची संघटना उभी केली आणि काम बंद पाडलं. आठवडाभरातच मालकांनी २५ टक्के वाढ दिली. १८६९ चा संप मात्र फसला. तोवर कागदी कॉलरीही बाजारात आल्या होत्या. संघटना मोडली. केटचं ट्रॉयमधलं घर आज राष्ट्रीय स्मारक आहे. मला तिथे एकदा जायचंय.

पहिल्या महायुद्धानंतर पुरुषांना मऊ कॉलर आवडू लागली आणि ती पुन्हा शर्टाला जोडली गेली. ट्रॉयच्याच क्लुएट पीबॉडी कंपनीतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आटू नये म्हणून प्रक्रिया शोधली. आपल्या लहानपणी कापडाच्या काठावर ‘सॅन्फोराइज्ड’ छापलेलं असायचं, आठवतं? ते या सॅनफर्डचं नाव.

टोकं बाहेर दुमडलेली विंग कॉलर आता टेलकोटाबरोबर किंवा एखाद्या वकिलाच्या बँडखालीच दिसते. टोकांना बटण असलेली कॉलर इंग्लंडच्या पोलो खेळाडूंची. ब्रुक्स ब्रदर्सने ती १८९६ मध्ये बाजारात आणली. ती ऑफिसला, प्रवासाला छान, पण मुलाच्या रिसेप्शनला सुटाखाली नको. तिथे टोकं रुंद फाकलेली घ्या, टायची मोठी गाठ नीट बसते. आणि टाय नसेल तर बंद गळ्याची पट्टी कॉलर. ती धुवायलाही सोपी.

ह्यांच्या दोन शर्टांच्या कॉलरी दुमडीवर विरल्यात. उद्या शिंप्याकडे उलटवायला टाकते. आमच्या गल्लीतला म्हातारा शिंपी अजून हे काम करतो, पण कुरकुरत.