आऊट देऊन परत बोलावला

शनिवारी फळं-भाजीपाल्याचा बाजार बंद, म्हणून मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांपुढे रिकाम्या क्रेटचे स्टंप लागलेत. झेल आधी की टप्पा आधी, यावर खेळ अडलाय. "आऊट हाय त्यो!" "घे मग शप्पथ!" शप्पथ कुणीच घेत नाही. टेम्पोच्या फाळक्यावर बसून तुम्ही मजा बघताय. जवळ उभ्या असलेल्या फिल्डरनं स्वतःच "नाही लागली" म्हटलं, असं कधी झालंय का? झालंय. मारा उडी, थेट चर्चगेटच्या फलाटावर.

रविवार, १७ फेब्रुवारी १९८०. गर्दी तुम्हाला वानखेडेकडे ढकलत नेते. क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी, समोर इंग्लंड. सामना शुक्रवारीच सुरू झाला. काल मात्र सुट्टी. सूर्यग्रहण होतं, म्हणून विश्रांतीचा दिवसच शनिवारी घेतला. शेजारचे गिरगावातले काका घरातल्या वेधांच्या कडक नियमांची तक्रार करत कागदातला बटाटेवडा पुढे करतात. घ्या, लाजू नका.

आपण २४२ वर आटोपलो, त्यात गावसकर ४९. पण कर्सन घावरी आणि कपिलनं इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ केली आहे. खेळतायत चोवीस वर्षांचा इयान बोथम आणि अडतीस वर्षांचा यष्टिरक्षक बॉब टेलर. काकांच्या मते टेलर म्हणजे शेपूट. तो गेला की डाव संपला.

धावसंख्या ८५. कपिल धावत येतो. चेंडू टेलरच्या बॅटजवळून जातो आणि किरमाणीच्या ग्लोव्ह्‌जमध्ये शिरतो. अपील होतं, तुमच्यासकट अख्खा स्टँड उठतो. पंच हनुमंत राव बोट वर करतात. काकांनी तुमच्या पाठीत मारलेली थाप चांगलीच झोंबते.

टेलर मात्र जागचा हलत नाही. बॅटला लागलंच नाही, असं त्याचं म्हणणं दिसतंय. "चल, चालू लाग!" मागून कुणीतरी ओरडतो. इथे रिप्ले दाखवायला पडदा नाही, तिसरा पंच नाही. बोट वर गेलं की विषय संपला. तेवढ्यात पहिल्या स्लिपमधून एक बुटकी आकृती पंचांकडे निघते. गुंडप्पा विश्वनाथ, आपला कर्णधार. गावसकरांनी कर्णधारपद सोडल्यावर ते विशीकडे आलंय आणि कर्णधार म्हणून ही त्याची दुसरीच कसोटी. काय बोलणं चाललंय ते इथून ऐकू येत नाही. मग पंच निर्णय फिरवतात, टेलर पुन्हा गार्ड घेतो आणि काका कपाळावर हात मारून घेतात.

घाई न करता विशीच्या जागी उभे राहून बघा. पहिल्या स्लिपचा फिल्डर यष्टिरक्षकाच्या खांद्याला लागूनच असतो. बॅट आणि चेंडू यांच्यात किती फट होती, हे बावीस यार्डांवरच्या पंचाइतकंच, कधी त्याहून चांगलं, त्याला दिसतं. विशीला कड लागलेली दिसली नव्हती. टेलरला जेवढी खात्री होती, तेवढीच त्यालाही. यार्डात तोलणारानं वक्कल जास्त भरल्याचं पुकारलं, तर फायदा शेतकऱ्याचा आणि आडत्याचाही. तिथे आडत्यानंच "परत लाव काटा" म्हणावं, तसं हे झालं. याला उदारपणा म्हणतात ते मला तितकंसं पटत नाही. जे दिसलं, तेच त्यानं सांगितलं. फक्त ते आपल्या संघाच्या तोट्याचं होतं. आजच्या नियमातही कर्णधाराला पंचांच्या संमतीनं अपील मागे घेता येतं. घेतं कोण, ते सोडा.

झेलांवरचे वाद तसे जुनेच. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये ८ मे १८७८ रोजी पॉल हाइन्सनं पुढे धावत येऊन बेसबॉलचा खालचा झेल घेतला, पळत जाऊन तिसरा बेस गाठला आणि मग चेंडू दुसऱ्या बेसकडेही फेकला. पळणारे दोघंही तिसऱ्या बेसच्या पुढे गेले होते की एकच, यावर त्यानं एकट्यानं तिघांना बाद केलं का, हे ठरतं. हा वाद शंभर वर्षांहून जास्त चालला. वानखेडेवरचा वाद काही मिनिटांत मिटला, कारण खुद्द क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधारानं टेलरच्या बाजूनं कौल दिला.

पुढचं बघायला काका तयार नाहीत, तुम्ही बघा. टेलर ४३ काढतो, बोथम ११४. दोघांची भागी १७१ ची. इंग्लंड २९६, म्हणजे ५४ ची आघाडी. मग बोथम दुसऱ्या डावात ४८ धावांत सात गडी घेतो, सामन्यात तेरा. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी घेणारा तो पहिलाच. यष्टींमागे टेलरचे सामन्यात दहा झेल, तोही तेव्हाचा विक्रम. आपण १४९ वर गडगडतो आणि मंगळवारी १९ तारखेला गूच आणि बॉयकॉट एकही गडी न गमावता सामना संपवतात.

बाहेर पडताना काकांचा हिशेब तयार असतो. "विशीनं सामना घालवला. टेलर गेला असता तर आघाडी आपली होती."

आघाडी मिळालीही असती. पण शेवटी उभं राहायचं होतं फलंदाजांनाच.

"काका, दुसऱ्या डावात १४९ त कोण कोसळलं? कपिल ४५ वर नाबाद राहिला नसता, तर तेवढेही झाले नसते."

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

काका उत्तर देत नाहीत. ते आता निवड समितीवर घसरलेत. विशीकडे पुन्हा कसोटीत भारताचं कर्णधारपद आलं नाही.