दोन कानांची मैफल

देवरूखचा पाऊस ज्याने पडवीच्या पत्र्याखाली बसून ऐकलेला नाही, त्याला मी हेडफोन का घेतला हे सांगून समजायचे नाही. जूनमध्ये त्याने एकदा तळ ठोकला, की गणपती उठेपर्यंत तो हलत नाही. दिवसभर शाळा, दिवेलागणीनंतर वह्या तपासणे, आणि घर निजले की माझे कादंबरीचे चार कागद. ते लिहून झाले की घटकाभर गाणे ऐकावे, एवढीच माझी चैन. पण वर पत्र्यावर असा ताशा वाजत असतो, की मोबाईलमधल्या गवयाने तार षड्ज लावला तरी तो पडवीपर्यंत पोहोचत नाही. आवाज वाढवावा तर पलीकडे माजघरात वडील निजलेले. नानांचे वय ब्याऐंशी, आणि झोप मांजराची.

गेल्या गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मुंबईला ध्वनिमुद्रणाच्या कामात असतो. पिशवीतून त्याने दोन हेडफोन काढले आणि म्हणाला, "सर, आधी कानाला लावून बघा. किंमत मागाहून विचारा."

पहिला लावला. गाणे कसे मोकळे, अंगणात बसून ऐकल्यासारखे; पण पाऊसही त्याच अंगणात पडत होता! दुसरा लावला आणि पाऊस जणू कुणी झाकणाखाली ठेवला. तंबोऱ्याची तार न् तार वेगळी कळू लागली. मात्र गवई कणगीत बसून गातो आहे असे वाटले. एकात मोकळेपणा होता आणि पाऊसही. दुसऱ्यात पाऊस नव्हता, पण मोकळेपणाही नव्हता.

"दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत का रे?"

"मिळतात सर, पण शोधाव्या लागतात."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. विजेचे शास्त्र मला परके. पण शोधायचे म्हटले की मास्तराचा हात पुस्तकाकडे जातो. त्या शोधात जो इतिहास हाती लागला, तो फराळाच्या ताटाबरोबर आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट पॅरिसची. १८८१ साली तिथे विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. क्लेमां आदेर नावाच्या एंजिनियराने ऑपेराच्या रंगमंचावर डावीउजवीकडे टेलिफोनची ध्वनियंत्रे मांडली आणि तारा थेट प्रदर्शनाच्या इमारतीत नेल्या. ऐकणाऱ्याने दोन कानांना दोन श्रवणयंत्रे लावायची; एकात डावीकडचा आवाज, दुसऱ्यात उजवीकडचा. नट रंगमंचावर या बाजूने त्या बाजूला चालला की ऐकणाऱ्याला तो चालल्याचे कळे! मोकळ्या आवाजाचे बीज इथे आहे. आपले दोन कान वीतभर अंतरावर आहेत. उजवीकडची हाक उजव्या कानाला आधी पोहोचते आणि डाव्याला किंचित उशिरा. फार तर सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका उशीर. शिवाय मध्ये डोके आडवे आल्याने ती डावीकडे थोडी मंद होते. इंग्लंडच्या लॉर्ड रॅलेने १९०७ साली या दोन्ही खुणांची नीट मांडणी केली. एवढ्याशा फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो.

पॅरिसच्या त्या प्रदर्शनानंतर वर्षभरात, १८८२ साली, मुंबईतही टेलिफोनचे केंद्र सुरू झाले. पण तिथले श्रवणयंत्र कामापुरते: एक कान, एक निरोप.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या युटाची. नॅथॅनिएल बाल्डविन हा धर्मनिष्ठ गृहस्थ. प्रार्थनामंदिरातले प्रवचन नीट ऐकू येईना म्हणून तो या खटपटीला लागला, असे सांगतात. स्वयंपाकघरात बसून त्याने दोन कानांची जोडी तयार केली आणि १९१० साली अमेरिकन आरमाराकडे धाडली. आरमाराने तपासली आणि शंभर जोड्या मागवल्या. पण ओट्यावर एका वेळी दहाच होत! कीर्तनात खांबामागे बसलेल्या आपल्या आजोबांना त्याची तळमळ चटकन कळली असती.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. जून १९२३मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. शक्ती अवघी दीड किलोवॅट, टप्पा पन्नासेक किलोमीटर, आणि परवान्याची फी वर्षाला दहा रुपये. सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या देवरूखला तेव्हा त्याचा पत्ताही लागला नसेल. त्या काळी स्वस्तातला रेडिओ म्हणजे स्फटिकाचा संच. त्याला वीज लागत नसे. हवेतून येणाऱ्या लहरींवरच तो बोले. पण आवाज इतका क्षीण, की हेडफोन कानाला घट्ट दाबल्याखेरीज काही ऐकू येत नसे. मग घरोघर एक युक्ती निघाली. ती साऱ्या जगाने केली: हेडफोन एका खोलगट भांड्यात ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती डोकी जुळवून बसायचे. भांड्यात आवाज थोडा घुमतो, आणि एकाचे गाणे चौघांचे होते.

पुढे ध्वनिवर्धकाचे रेडिओ आले आणि हेडफोन तारायंत्रवाल्यांकडे, वैमानिकांकडे आणि स्टुडिओत गेला. १९३७ साली बर्लिनच्या बायर कंपनीने ध्वनिवर्धकासारखे कंप पावणारे पडदे वाट्यांत बसवून 'डीटी ४८' काढला. मात्र घरोघर राज्य होते ते रेडिओचे. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचे संगीत, आणि वर्षभरात छप्पन्न गीते. नाना तेव्हा बारा वर्षांचे. पुण्याला मामांकडे शिकायला होते. रेडिओला हार घातलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

दोन कानांचे गाणे परत यायला मात्र वेळ लागला. ॲलन ब्लमलीन या इंग्रज संशोधकाने १९३१ सालीच दोन वाटांनी ध्वनिमुद्रण करण्याच्या पद्धतीचे एकस्व मागितले होते. तशा तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. त्याच साली अमेरिकेत मिलवॉकीच्या जॉन कॉसने आपले नवे फोनोग्राफ प्रदर्शनात मांडले. त्याच्या जोडीला, केवळ गंमत म्हणून, गाणे ऐकायचा हेडफोन ठेवला. लोकांनी फोनोग्राफकडे पाठ फिरवली आणि हेडफोन डोक्यावर घेतला!

आता माझ्या कणगीचे कोडे. हेडफोनमधला पडदा पुढे-मागे हलतो. पुढची लहर कानात येते. मागची पाठीकडे जाते. पाठ बंद असेल तर ती भिंतीवर आपटून परतते आणि पुढच्या गाण्यात कालवाकालव करते. आमच्या मार्लेश्वराच्या गुहेत ओंकार म्हणून पाहा. घुमतो सुरेख, पण तिथे कुणी भरभर बोलू लागला, तर शब्द एकमेकांच्या पायात येतात. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायजर कंपनीने 'एचडी ४१४' काढला आणि पाठ चक्क उघडी ठेवली. लाखोंनी खपला. पण उघड्या दारातून गाणे बाहेर जाते तसा पाऊस आत येतो. म्हणून देवरूखकराला बंद पाठ सुटत नाही. मग पाहायचे ते एवढेच, की कारागिराने वाटीत पुरेशी पोकळी ठेवली आहे का, मागची लहर जिरवायला आत नमदा किंवा स्पंज घातला आहे का, आणि पडदा कानाला किंचित तिरपा बसवला आहे का.

दुकानात हे दिसत नाही. कानालाच विचारावे लागते. मी पाच-सहा जोड्या तपासल्या, त्या अशा. दोन तंबोऱ्यांच्या साथीची एखादी मैफल लावायची. एक तंबोरा डावीकडे, एक उजवीकडे आणि गवई मध्ये, असे तिघे वेगळे बसलेले दिसले तर जागा ऐसपैस. मग तबल्याचा डग्गा ऐकायचा: घुमारा यावा, पण त्याने गवयाचे शब्द झाकू नयेत. मग गवयाचा श्वास. तो कळला तर आवाज स्वच्छ. एक चूक मात्र करू नका. ती मी केली होती. गीतरामायणाचे १९५५चे मुद्रण एकाच वाटेचे आहे. ते कुठल्याही हेडफोनमध्ये डोक्याच्या मधोमधच ऐकू येणार. त्याचा दोष हेडफोनला देऊ नये.

आणखी एक. वाटी कानाभोवती पुरती बसली पाहिजे, कानावर नव्हे. मला चष्मा आहे. जाड काडीमुळे फट राहिली की डग्गा पळून जातो आणि पाऊस आत शिरतो. बारीक काडीचा चष्मा केला, तेव्हा तोच हेडफोन निराळा वाजू लागला. खोक्यावर ओहमचा आकडा असतो. मोबाईलला तीस-चाळीस ओहमचा सहसा पेलतो. अडीचशेच्या हेडफोनला त्याचा जोर पुरा पडत नाही. आणि आवाज बेताचा ठेवावा. बंद पाठीचा खरा फायदा हाच, की पावसावर मात करायला तो वाढवावा लागत नाही.

अखेर एक जोडी घेतली. वर्षभर सुखात गेले. यंदाच्या श्रावणात एका रात्री मी पडवीत ऐकत बसलो होतो. पाऊस धो धो, कानात मात्र बिहाग. गाणे संपले, हेडफोन काढला, तो माजघरात दिवा. तांब्या कलंडलेला, नाना भिंतीला धरून उभे, आणि सौ. त्यांना सावरून खाटेवर बसवते आहे. पाणी घ्यायला उठले, हात निसटला; तीनदा हाक मारली होती म्हणे. लागले नव्हते. माझ्याकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, "तू घरातच होतास होय?"

पुढचे आठ दिवस हेडफोन खुंटीवर होता. पत्र्यापेक्षा तो प्रश्नच जास्त वाजत होता.

त्या दिवसांत वाचनात एक गोष्ट आली. १९७९ साली सोनी कंपनीने पहिला वॉकमन काढला, त्याला हेडफोनची भोके दोन होती. प्रमुख अकिओ मोरिता घरी तो कानाला लावून बसू लागले, तेव्हा आपल्याला एकटे टाकल्यासारखे होते अशी पत्नीची तक्रार आली. म्हणून दोघांना ऐकता यावे अशी सोय झाली. शिवाय एक बटण, जे दाबले की गाणे मंद होऊन एकमेकांशी बोलता येई. १९२७ची ती भांड्याची युक्ती जपानात नव्या वेषात अवतरली होती, म्हणायचे!

मी बाजारातून एका पिनेचे दोन फाटे करणारी तार आणली आणि दुसरी, साधीशी जोडी. नानांच्या डोक्यावर ती बसवली आणि गीतरामायण लावले. थोडा वेळ ऐकून ते मोठ्याने म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे रे. पण माणसं कुठे गेली?"

मी माझी जोडी कानाला लावली आणि त्यांच्या खाटेच्या कडेला, त्यांचा चेहरा दिसेल असा बसलो. त्यांनी मांडीवर ताल धरला. तो मला ऐकू येत नव्हता, दिसत होता. आता माझे रात्रीचे ऐकणे पडवीत नसते, माजघरात असते. नानांनी हात वर केला, की मी एक वाटी बाजूला सरकवतो.